ताइ सरोवर

चीनमधील यांगत्से नदीच्या त्रिभुज प्रदेशातील गोड्या पाण्याचे सरोवर. पोयांग व डोंगटिंग यांच्या खालोखाल देशात याचा तिसरा क्रमांक लागतो. क्षेत्रफळ सु. २,३४० चौ. किमी. असले, तरी सरासरी खोली जेमतेम २ मी. आहे. बहुतेक सरोवर जिआंग्सू प्रांतात असून दक्षिण किनारा जजिआंग प्रांताला लागतो. काठावर वूशी, सूजो, हूजो ही दाट वस्तीची औद्योगिक शहरे आहेत. पश्चिम व वायव्येकडील नद्या शेतांतील खत, सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी आणून सोडतात. पूर्वेकडील ताइपू नदीतून पाणी शांघायच्या दिशेने वाहते.

येथील पाण्याच्या गुणवत्तेचा प्रश्न या उथळपणाशी बांधलेला आहे. वाऱ्याने पाणी तळापर्यंत ढवळले जाते. गाळाच्या वरच्या पातळ थरात ऑक्सिजन पोहोचतो व तेथे जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. त्याच्या लगेच खाली ऑक्सिजन नसतो. तेथील दुसरे जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. उन्हाळ्यात ही क्रिया जोर धरते. त्यामुळे हिवाळ्याच्या अखेरीस व वसंतात पाण्यात भरपूर असणारा नायट्रोजन उन्हाळा सरता सरता बराच उतरतो. फॉस्फरसला मात्र हवेत जाण्याची अशी वाट नाही. तो गाळात साठतो आणि पाणी ढवळले, की पुन्हा वर येतो.

दरवर्षी पसरणारे मायक्रोसिस्टिस हे नील-हरित शैवाल हवेतील नायट्रोजन वापरू शकत नाही. गाळातून सुटणाऱ्या व मृत शैवालापासून मिळणाऱ्या अमोनियावर ते उन्हाळाभर टिकते. म्हणूनच केवळ फॉस्फरस रोखावा, हा सरोवरांबाबतचा जुना सल्ला येथे अपुरा ठरतो. ताइच्या पाण्यावर केलेल्या प्रयोगांत उन्हाळ्यात नायट्रोजन घातल्यावर शैवालाची वाढ झालेली दिसली. शैवालाचा थर कुजू लागला, की ऑक्सिजन संपतो, अमोनियाचे नायट्रेट होणे थांबते आणि पाणी काळे, दुर्गंधीयुक्त बनते. आग्नेयेकडील उन्हाळी वाऱ्यांमुळे शैवाल मेइलियांगसारख्या उत्तरेकडील उपसागरांत ढकलले जाते. पूर्व भागात पाणवनस्पती टिकून असल्याने तेथील पाणी तुलनेने नितळ असते.

मे २००७ च्या अखेरीस असे कुजके पाणी वूशीच्या जलपुरवठा केंद्रापर्यंत पोहोचले. सु. २० लाख लोकांच्या नळांना घाण वासाचे पाणी आले आणि सुमारे आठवडाभर ते पिण्याजोगे नव्हते. मायक्रोसिस्टिसपासून यकृताला घातक असे मायक्रोसिस्टिन हे विषही तयार होते.

त्यानंतर अनेक लहान रासायनिक कारखाने बंद करण्यात आले, सांडपाणी शुद्धीकरणाचे निकष कडक झाले, गाळ उपसण्याचे व शैवाल काढण्याचे काम हाती घेण्यात आले. वांग्यू नदीमार्गे यांगत्सेचे पाणी सरोवरात आणण्याची योजना २००२ पासूनच चालू होती. त्या पाण्यामुळे सरोवरातील पाणी लवकर बदलले जाते खरे. पण यांगत्से स्वतःच नायट्रोजनने समृद्ध असल्याने हा उपाय निर्मळ म्हणता येत नाही. पुढील दशकात सरोवरातील नायट्रोजन बराच घटला. फॉस्फरस तेवढा उतरला नाही व २०१७ मध्ये शैवालाचा पुन्हा मोठा फैलाव झाला. बाहेरून येणारे पोषक द्रव्य कमी केले, तरी तळातील जुना साठा अनेक वर्षे पाण्याला पुरवठा करीत राहतो.