नव्या घरात लाईट किती जळेल, गॅस किती लागेल? राहायला जायच्या आधीच काढा हिशोब

बारामती/इंदापूर : उसाचं बिल जमा झालं की दोन्ही तालुक्यांत बांधकामं सुरू होतात. सिमेंट, सळई, फरशीचा हिशोब वहीत पै-पैचा असतो. पण राहायला गेल्यावर दर महिन्याला लाईट आणि गॅसला किती जाणार, हे वास्तुशांतीपर्यंत कुणी विचारत नाही. आमच्याही घरी तेच झालं.

आधी वीज. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की १ युनिट. पाच माणसांचं घर धरू. ९ वॅटचे ८ बल्ब रोज ५ तास, म्हणजे ०.३६ युनिट. ७५ वॅटचे ३ पंखे १० तास, सव्वादोन युनिट. टीव्ही पाव, फ्रीज साधारण १, टाकी भरायला १ एचपीची मोटर अर्धा तास चालली तर अर्धा, मिक्सर-इस्त्री मिळून ०.४. बेरीज पावणेपाच, महिन्याला १४० च्या पुढं. पंखे ३० वॅटचे बीएलडीसी घेतले तर महिन्याला ४० युनिट वाचतात आणि आकडा शंभराजवळ येतो.

महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पा बदलतो. शंभर ओलांडले की सगळ्याच युनिटला जादा दर लागतो असं पारावर सांगतात, ते खरं नाही. शंभराच्या वरच्या युनिटलाच लागतो. मात्र स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क वेगळं असतंय, म्हणून नुसतं युनिट गुणिले दर केलं की बिल जुळत नाही.

खरी मेख आहे अंघोळीच्या पाण्यात. जुन्या घरी परड्यात बंब असतो, तुराट्या नाहीतर बाभळीचं जळण घातलं की झालं. खर्च दिसतच नाही. नव्या घरात फरशी काळी होते म्हणून बंब जातो. २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला विजेवर साधारण अर्धा युनिट लागतो, गॅसवर ६० ग्रॅम. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे रोज अडीच युनिट, महिन्याला ७५. गॅसवर तापवलं तर रोज ३०० ग्रॅम.

हे ३०० ग्रॅम किती मोठे आहेत बघा. १४.२ किलोची टाकी नुसत्या स्वयंपाकाला ४० दिवस जात असेल, तर रोजचा खर्च ३५५ ग्रॅम. त्यात पाणी आलं की तीच टाकी २१-२२ दिवसांत संपते. वर्षाला ९ च्या जागी १७ टाक्या! कालव्याच्या पट्ट्यात बोअरला क्षार जास्त, गिझरच्या कॉईलवर थर बसला की पाणी तापायला वेळ लागतो, तो खर्च आणखी वेगळा. बंब ठेवायचा असेल तर नकाशातच मागं जागा धरा. आणि हे घरातल्या बायकांना विचारून ठरवा, गवंड्याला नाही.

टाकी आली की कॅलेंडरवर तारीख लिहा. रिकाम्या टाकीचं वजन टाकीच्या वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर छापलेलं असतं. त्यात १४.२ मिळवा आणि टाकी घेताना काट्यावर बघा. मधेच वजन केलं तर किती दिवस पुरेल तेही कळतं.

विजेची खात्री मीटरवर होते. लाल दिवा किती वेळा लुकलुकला की १ युनिट, ते मीटरवर छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२००. अशा मीटरवर ६ मिनिटांत ३२ वेळा लुकलुकला तर १०० वॅट चालू आहेत. घरातलं सगळं बंद करूनही लुकलुकत असेल तर वायरमनला बोलवा.

पहिल्या एक-दोन बिलांवरून अंदाज बांधू नका. त्यात पाणी मारायची मोटर, फरशी कापायचं मशीन, पॉलिश सगळं असतंय. राहायला गेल्या दिवसाचं रीडिंग मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, तिथून मोजा.

छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर १ किलोवॅटला रोज साधारण ४ युनिट मिळतात. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. वास्तूवाले पाण्याची टाकी नैऋत्येला सांगतात. तिची सावली पॅनेलवर कितीपर्यंत येते, ते स्लॅब टाकायच्या आधी एकदा उन्हात उभं राहून बघा.