‘गॅट्सबी’तले अंतर : संपत्ती आणि महत्त्वाकांक्षेची प्रतीके

एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या प्रतीकांचे अर्थ विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात : हिरवा दिवा म्हणजे स्वप्न, राख म्हणजे नैतिक ऱ्हास, फलकावरचे डोळे म्हणजे ईश्वर. अशी समीकरणे मांडली की प्रत्येक प्रतीक सुटे पडते आणि ती एकमेकांशी कशी जोडली आहेत हा प्रश्न तसाच राहतो. माझ्या मते ती एकाच सूत्रात ओवलेली आहेत. या कादंबरीत वस्तूचे मोल तिच्यापासूनच्या अंतरावर ठरते. महत्त्वाकांक्षा अंतरावर जगते आणि संपत्ती ते अंतर मिटवते. गॅट्सबीला दोन्ही हवे आहे.

आधी भूगोल पाहू. कथा १९२२च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर घडते. खाडीच्या अलीकडे वेस्ट एग, तिथे नवश्रीमंत. पलीकडे ईस्ट एग, तिथे पिढीजात श्रीमंत. फिट्झजेराल्ड १९२२ ते १९२४ या काळात ग्रेट नेकला राहत होता आणि वेस्ट एग त्याच गावावरून उभे केले आहे. मधली पाण्याची पट्टी अरुंद आहे. तरी चोरट्या दारूवर मिळवलेला गॅट्सबीचा पैसा ती ओलांडू शकत नाही, कारण पलीकडचे लोक पैसा किती आहे यापेक्षा तो किती जुना आहे हे पाहतात.

गॅट्सबी जिच्यासाठी झुरतो त्या डेझीच्या, खाडीपलीकडच्या घराच्या धक्क्यावर रात्रभर जळणारा हिरवा दिवा हे या अंतराचे सर्वांत उघड रूप. डेझी शेजारी येऊन उभी राहते तेव्हा गॅट्सबी तिला त्या दिव्याविषयी सांगतो. पण त्या दुपारी धुके असल्याने दिवा दिसतच नाही. निवेदक निक कॅरावेला जाणवते, की या माणसाच्या लेखी त्या दिव्याचे महत्त्व आता संपले असावे. जी मिळावी म्हणून दिव्याकडे पाहायचे, ती मिळताच दिवा धक्क्यावरचा साधा दिवा होतो.

याहून खोल प्रसंग लुइव्हिलमधला, जून १९१९चा आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. लग्नाच्या आदल्या दिवशी होणारा नवरा टॉम ब्युकॅनन डेझीला साडेतीन लाख डॉलर किमतीची मोत्यांची माळ देतो. जेवणाच्या अर्धा तास आधी ती दारूच्या नशेत सापडते. माळ कचऱ्याच्या टोपलीत आहे आणि हातात एक पत्र आहे, बहुधा गॅट्सबीचे. आंघोळीच्या टबातही ती पत्र सोडत नाही. अखेर त्याचा ओला गोळा होऊन तुकडे सुटू लागतात, तेव्हाच ते बाजूला ठेवू देते. अर्ध्या तासाने माळ पुन्हा तिच्या गळ्यात असते. कोणी कोणाशी वाद घालत नाही, कोणी भाषण करत नाही. कागद पाण्यात विरघळतो, मोती विरघळत नाहीत. पुढची सगळी कथा या अर्ध्या तासात ठरून गेली आहे, असे मला वाटते.

गॅट्सबीच्या ग्रंथालयातली पुस्तके खरी आहेत, पण त्यांची पाने कापलेली नाहीत. त्या काळी अनेक पुस्तकांची पाने कडेला जोडलेली असत आणि वाचणाऱ्याला ती सुरीने सोडवावी लागत. घराला ग्रंथालय शोभते, एवढ्यापुरतीच ती पुस्तके आहेत. इथे अंतर वस्तूच्या आतच राहिले आहे.

राखेच्या दरीचा विचार मात्र वेगळा करावा लागतो, कारण तिथे अंतर उलट दिशेने काम करते. ती कल्पनेतून आलेली नाही. क्वीन्समधल्या कोरोना भागात शहरातल्या भट्ट्यांची कोळशाची राख खरोखर टाकली जात होती. पुढे त्याच जागेवर १९३९चे जागतिक प्रदर्शन भरले. श्रीमंतांची ऊब जिथे जळून संपते ती ही जागा. वेस्ट एगहून शहरात जाताना ती ओलांडावीच लागते आणि तिच्याकडे न पाहता पुढे जाणे ही तिथल्या श्रीमंतांची सवय आहे. वर जाहिरातीच्या फलकावर डॉक्टर एकलबर्गचे डोळे आहेत. त्यांना ईश्वर मानणारा, याच दरीत राहणारा आणि पत्नीवियोगाने खचलेला विल्सन एकटाच आहे आणि शेजारी त्याला लगेच सांगतो, की ती जाहिरात आहे. समीक्षकांनी विल्सनचे ऐकले, शेजाऱ्याचे ऐकले नाही. मला शेजारी बरोबर वाटतो : दरीवर लक्ष ठेवणारे कोणी नाही, म्हणूनच विल्सन दांपत्याच्या मरणाचा हिशेब कोणी देत नाही.

गॅट्सबीच्या मृत्यूनंतर त्याचे वडील हेन्री गॅट्झ येतात. मुलाच्या जुन्या पुस्तकात १२ सप्टेंबर १९०६ या तारखेचे वेळापत्रक आहे. त्यात व्यायाम आहे, अभ्यास आहे आणि आठवड्याला पाच डॉलर वाचवण्याचा संकल्प खोडून तीन केलेला आहे. वडिलांच्या खिशात मुलाच्या वाड्याचा एक फोटोही आहे, कोपरे तडकलेला, हाताळून मळलेला. ते त्याच वाड्यात उभे आहेत, आणि निकला दाखवतात तो फोटो.