कमी वजनाचा मल्ल आणि वरचा वजनगट : महाराष्ट्राच्या कुस्ती-इतिहासाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :

मुष्टियुद्धाच्या इतिहासात एक प्रश्न शंभराहून अधिक वर्षे चर्चिला गेला आहे. खालच्या वजनगटात नाव मिळविलेला मुष्टियोद्धा हेवीवेट गटात गेल्यास तेथे टिकू शकतो काय? महाराष्ट्रात मुष्टियुद्धाची परंपरा फारशी खोल नाही; परंतु हाच प्रश्न येथील कुस्तीला पिढ्यान्‌पिढ्या भेडसावत आला आहे. राज्यातील सर्वोच्च मान खुल्या, म्हणजे वजनदार गटाला आहे. त्यामुळे हलक्या अंगाच्या मल्लापुढे दोन वाटा उभ्या राहतात. आपल्या गटात राहावे, की वजन वाढवून मानाच्या गटात उतरावे? प्रस्तुत लेखात खाशाबा जाधव, नरसिंग यादव आणि राहुल आवारे या तीन मल्लांच्या कारकिर्दीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. तुलनेसाठी मुष्टियुद्धातील काही उदाहरणे घेतली आहेत.

वजनकाट्यापूर्वीची कुस्ती :

आपल्याकडील मातीच्या कुस्तीत वजनगटाची कल्पना मुळात नव्हती. यात्रेच्या मैदानात जाणती मंडळी दोन मल्लांची अंगलट, वय आणि लौकिक पाहून जोड लावीत. निकाल चितपटीवर ठरे. गुणांची मोजदाद नसे. कुस्ती निकाली होईपर्यंत चालावी अशी प्रेक्षकांची अपेक्षा असे आणि फार वेळ लागल्यास ती बरोबरीत सोडविली जाई. अशा कुस्तीत हलक्या मल्लाजवळ दोनच शस्त्रे असत, ती म्हणजे दमसास आणि डाव. वजनदार प्रतिस्पर्ध्याला दमवून, त्याचा तोल गेलेला क्षण साधणे हीच त्याची नीती असे.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय लाभला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. पुढे १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना झाली आणि १९६१ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची पहिली लढत झाली. वजनगटांच्या स्पर्धा याच अधिवेशनात होत असल्या तरी चांदीची गदा मात्र खुल्या गटाच्या विजेत्याच्याच खांद्यावर येते. अलीकडच्या नियमांनुसार हा गट ८६ ते १२५ किलोचा आहे. ८६ किलोच्या मल्लाला आपल्यापेक्षा ३९ किलोंनी, म्हणजे सुमारे ४५ टक्क्यांनी जड प्रतिस्पर्धी मिळू शकतो. वजनगट आले, परंतु वजनाची जुनी विषमता सर्वाधिक मानाच्या गटात शिल्लक राहिली, असे म्हणावे लागते.

खाशाबा जाधव : एका पायरीची चढण

कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६-१९८४) कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलो गटात उतरले. मातीत घडलेल्या या मल्लाला गादीचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव नव्हता. तरीही त्यांनी सहावे स्थान मिळविले. चार वर्षांनी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते ५७ किलो गटात खेळले आणि कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या गटात जपानच्या शोहाची इशी याने सुवर्ण, तर सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह याने रौप्यपदक मिळविले. खाशाबा पराभूत झाले ते याच दोघांकडून.

गट चढूनही स्थान उंचावले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण म्हणजे वाढ केवळ पाच किलोंची, म्हणजे दहा टक्क्यांहूनही थोडी कमी होती आणि ती बावीस ते सव्वीस या वयात झाली. या वयात भरत जाणाऱ्या शरीराला वरचा गट जड जात नाही. उलट वजन तोडण्याचा ताण वाचतो. दुसरे कारण म्हणजे खाशाबांचे बळ वजनात नव्हे, डावात होते. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. ढाकेत प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर पकड घेऊन त्याला फेकताना त्याचेच वजन कामी येते. असे कसब वरच्या गटात जाताना मागे राहत नाही.

मुष्टियुद्धातील साक्ष :

मुष्टियुद्धातील उदाहरणे याच दिशेने बोट दाखवितात. १८९७ मध्ये बॉब फिट्झसिमन्स या माजी मिडलवेट विजेत्याने जेम्स कॉर्बेट याला हरवून हेवीवेट किताब जिंकला. १९८५ मध्ये मायकेल स्पिंक्स याने लॅरी होम्सवर विजय मिळविला आणि लाइट हेवीवेटचा विजेता हेवीवेटचाही विजेता होण्याची ती पहिली वेळ ठरली. परंतु याच स्पिंक्सला १९८८ मध्ये माइक टायसनने ९१ सेकंदांत संपविले. वेग आणि चातुर्य यांच्या जोरावर मिळविलेले यश, प्रतिस्पर्धी तितकाच वेगवान आणि शिवाय बलवान निघाल्यास टिकत नाही, हे त्यातून दिसते.

रॉय जोन्स ज्युनियरचे उदाहरण अधिक बोलके आहे. १ मार्च २००३ रोजी सुमारे ८७.५ किलो वजनाच्या जोन्सने १०२.५ किलोच्या जॉन रुईझला गुणांवर हरविले. त्यानंतर तो पुन्हा लाइट हेवीवेट गटात, म्हणजे ७९.४ किलोंच्या मर्यादेत परतला आणि मे २००४ मध्ये अँटोनियो टार्व्हरकडून दुसऱ्याच फेरीत बाद झाला. वाढविलेले वजन त्याला थोड्या काळात उतरवावे लागले होते. पराभवाचे ते एकमेव कारण मानता येणार नाही. तथापि वर चढण्याइतकेच खाली उतरणेही शरीराला महाग पडते, हा धडा त्यातून घेता येतो. याउलट युक्रेनचा ऑलेक्झांडर उसिक २०१८ मध्ये क्रूझरवेटचा निर्विवाद विजेता झाल्यावर हेवीवेटमध्ये गेला आणि तेथेच राहिला. २०२१ मध्ये त्याने अँथनी जोशुआला, तर मे २०२४ मध्ये आपल्यापेक्षा सुमारे १७ किलोंनी जड असलेल्या टायसन फ्युरीला हरविले. त्याने वजन सावकाश वाढविले आणि पायांची चपळता गमावली नाही.

मात्र मुष्टियुद्ध आणि कुस्ती यांत एक मूलभूत भेद आहे. मुष्टियोद्धा अंतर राखून जड प्रतिस्पर्ध्याचा मारा चुकवू शकतो. मल्लाला अंगाशी अंग भिडवावेच लागते. खाली सापडल्यास प्रतिस्पर्ध्याचे सर्व वजन त्याच्या छातीवर येते. म्हणून कुस्तीत वरच्या गटातील यश अधिक दुर्मीळ आणि अधिक अभ्यसनीय ठरते.

नरसिंग यादव : खुल्या गटातील हलका मल्ल

नरसिंग यादव हे मुंबईत घडलेले मल्ल आंतरराष्ट्रीय पातळीवर ७४ किलो गटात खेळत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी याच गटात सुवर्णपदक जिंकले. असे असता २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे त्यांनी महाराष्ट्र केसरी किताब पटकावला. सलग तीन वेळा हा मान मिळविणारे ते पहिले मल्ल ठरले. पुढे २०१४ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी पुन्हा ७४ किलो गटात कांस्यपदके मिळविली. (उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणी त्यांच्यावर २०१६ मध्ये आलेली चार वर्षांची बंदी या किताबांनंतरची आहे.)

या यशाचा अर्थ लावताना दोन बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. एक म्हणजे मल्लाचे वजनकाट्यावरील वजन आणि एरवीचे वजन यांत अंतर असते. गटासाठी घटविलेले वजन न घटविता उतरणे ही वरच्या गटाकडे जाण्याची पहिली, बिनखर्चाची पायरी होय. दुसरी बाब नियमांची आहे. गादीवरील लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि तिचा निकाल गुणांवर लागू शकतो. जड प्रतिस्पर्ध्याला चितपट करण्याची गरज उरत नाही. चपळाईने पट काढून गुण घेतले आणि राखले तरी पुरते. ज्या आधुनिक नियमांनी जुन्या निकाली कुस्तीचा रंग उणा केला, असे जाणते म्हणतात, त्याच नियमांनी हलक्या मल्लाला खुल्या गटात नवे बळ दिले.

राहुल आवारे आणि हलक्या गटांचे मोल :

मराठवाड्यातील उदाहरण राहुल आवारे यांचे. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या या मल्लाने, १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि लातूर जिल्ह्याचे सुपुत्र हरिश्चंद्र बिराजदार यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्यात कुस्तीचे धडे घेतले. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ५७ किलो गटात सुवर्ण, तर २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळविले. ही चढण खाशाबांप्रमाणेच एका पायरीची होती आणि यशस्वी झाली. परंतु ६१ किलो हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. वर जाणे साधले, तरी ती वाट ऑलिंपिकपर्यंत पोहोचत नव्हती.

पुरुषांच्या फ्रीस्टाइल प्रकारात ऑलिंपिकचे गट ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलो असे आहेत. त्यांतील अंतरे अनुक्रमे ८, ९, १२, ११ आणि २८ किलो भरतात. खालच्या गटांत एक पायरी चढणे अभ्यासाने साधते. शेवटच्या गटात मात्र ती पायरी राहत नाही, कडा होतो. १९५२ ते २०२४ या काळात भारताने कुस्तीत जिंकलेली आठही ऑलिंपिक पदके ६६ किलो वा त्याखालील गटांतील आहेत, हे येथे नोंदविले पाहिजे. ज्या वजनाच्या मल्लांनी देशाला पदके दिली, त्या वजनाच्या मल्लासाठी राज्याची चांदीची गदा नाही.

समारोप :

कमी वजनाचा मल्ल वरच्या गटात यशस्वी होऊ शकतो, असा निर्वाळा इतिहास देतो. पण तो अटींसह देतो. चढण लहान असावी, वाढत्या वयात आणि सावकाश व्हावी, मल्लाचे बळ डावात व दमसासात असावे आणि स्पर्धेचे नियम त्या गुणांना वाव देणारे असावेत. या अटी पाळल्या गेल्या तेथे खाशाबा, आवारे आणि उसिक घडले. जेथे वजन घाईने वर-खाली केले गेले, तेथे एका मोठ्या विजयानंतरही घसरण दिसते.

या निष्कर्षाचा संबंध महाविद्यालयांशी थेट पोहोचतो. जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावातून तालमीची माती अंगाला लावून महाविद्यालयात आलेला साठ किलोचा विद्यार्थी गदेच्या ओढीने वजन वाढवू पाहतो, किंवा संघातील रिकामी जागा भरण्यासाठी त्याला वरच्या गटात उतरविले जाते. तेव्हा त्याच्या पुढील दहा वर्षांचा निर्णय होत असतो. तो निर्णय वजनकाटा, वय आणि खेळाची जात पाहून व्हावा. खाशाबाही महाविद्यालयाचेच विद्यार्थी होते आणि त्यांचे पदक ५७ किलोंचे होते. हलक्या गटातील विजेत्याला खुल्या गटाच्या तोडीचा मान व खुराकाची तरतूद राज्यपातळीवर मिळाली, तर आपल्या वजनात राहण्याचे धैर्य अनेक मल्लांना येईल.