हॉटेलच्या किचनमध्ये रोज कोणते धोके असतात? गरम तेलापासून गॅस गळतीपर्यंत सगळं समजून घ्या

डिसेंबर २०२४ ची गोष्ट. मुंबईत वरळीला चायनीज पदार्थ बनवण्याच्या एका ठिकाणी १९ वर्षांचा एक तरुण ग्राइंडरवर काम करत होता. काम करता करता त्याचा शर्ट यंत्रात अडकला, तो आत ओढला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. ही घटना सीसीटीव्हीत कैद झाली. दोन दिवस सगळीकडे हळहळ व्यक्त झाली आणि मग विषय मागे पडला.

हॉटेलच्या किचनमधले बहुतेक अपघात तर बातमीतही येत नाहीत. कुणाचा हात भाजतो, कुणी ओल्या फरशीवर गरम पातेल्यासकट पडतो, कुणाचं बोट कापलं जातं. रुमाल गुंडाळून तो पुन्हा कामाला लागतो, कारण बाहेर टेबलं भरलेली असतात.

यातले जवळपास सगळे अपघात टाळता येण्यासारखे असतात आणि त्याचे उपायही फार महागडे नसतात. मग ते होतात का? चला, एकेक धोका समजून घेऊया.

पहिला धोका पायाखालीच असतो

किचन म्हटलं की आपल्याला आधी आग आठवते. पण दिवसभर त्रास देते ती फरशी. भांडी घासायच्या जागेतून पाणी येतं, कढईतून तेलाचे थेंब उडतात, भाज्यांची सालं पडतात. त्यावर रबरी स्लीपर घालून माणूस उकळत्या सांबाराचं पातेलं उचलून चालत असतो.

स्लीपरचे दोन तोटे. ओल्या-तेलकट फरशीवर ती सटकते आणि पाय वरून उघडा राहतो. गरम तेल सांडलं किंवा सुरी पडली तर थेट पायावरच. म्हणून मोठ्या हॉटेलांत न घसरणारे, पुढून बंद असलेले बूट सक्तीचे असतात. आणि काही सांडलं तर ज्याला दिसलं त्यानेच ते लगेच पुसायचं, हा तिथला साधा नियम.

चांगल्या किचनमध्ये सतत आवाज ऐकू येतात. ‘गरम आहे!’, ‘मागे आहे!’, ‘बाजू!’ बाहेरच्या माणसाला हा आरडाओरडा वाटेल. पण अरुंद जागेत हातात उकळतं भांडं असताना समोरचा अचानक वळला तर काय होईल, याचा विचार केलात की त्या आवाजांचं महत्त्व कळतं.

शेफचा कोट दोन पदरी का असतो?

शेफचा तो दोन रांगा बटणांचा कोट फक्त रुबाबासाठी नाही. छातीवर कापडाचे दोन थर येतात, त्यामुळे गरम काही उडालं तर ते कातडीपर्यंत पोचायला वेळ लागतो. बाह्या लांब असतात त्याही याचसाठी. कापड सुती असतं, कारण नायलॉन-पॉलिस्टरसारखं कृत्रिम कापड उष्णतेने वितळून अंगाला चिकटतं आणि जखम आणखी खोल होते.

किचनमधल्या फडक्याचंही एक शास्त्र आहे. गरम भांडं धरायला फडकं कायम कोरडंच हवं. ओल्या फडक्यातून उष्णता झटकन हातापर्यंत येते, आतल्या पाण्याची वाफ होते आणि हात भाजतो. नवीन पोरगा ही चूक एकदा तरी करतोच. कुणी आधी सांगितलं तर तीही टळते.

वाफेला कमी समजू नका

उकळतं पाणी आणि वाफ, दोन्ही १०० अंशांवर. तरी वाफेने जास्त भाजतं. असं का? कारण वाफ कातडीवर आदळून परत पाणी होते, तेव्हा तिच्यात साठलेली उष्णताही बाहेर पडते. एक ग्रॅम वाफेमागे ही उष्णता साधारण ५४० कॅलरी असते. म्हणून इडलीपात्राचं किंवा मोठ्या पातेल्याचं झाकण नेहमी आपल्यापासून पलीकडच्या बाजूने उघडायचं, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही.

तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात नको

वडे-भजी तळताना तेल साधारण १७० ते १९० अंशांवर असतं. कढई तशीच आचेवर विसरली तर आधी धूर येतो आणि मग तेल पेट घेतं. अशा वेळी घाबरून पाणी ओतलं जातं आणि तिथेच घात होतो.

पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी जातं. तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि वाफ झाली की पाण्याचं आकारमान सुमारे १७०० पट वाढतं. ती वाफ वरचं पेटतं तेल उडवते आणि ज्वाळा छतापर्यंत जातात.

मग करायचं काय? शक्य असेल तर गॅस बंद करायचा, कढईवर घट्ट झाकण सरकवायचं आणि कढई जागेवरून हलवायची नाही. हवा तुटली की आग विझते. मोठ्या किचनमध्ये यासाठी ‘वेट केमिकल’ प्रकारचं अग्निशामक ठेवतात. भिंतीवर सिलिंडर लटकलेला असणं पुरेसं नाही. तो कुठल्या आगीसाठी आहे आणि कसा चालवायचा, हे रात्रपाळीच्या मदतनिसालाही माहीत हवं.

शेगडीवरच्या एक्झॉस्टच्या नळीतही धोका लपलेला असतो. महिनोन्महिने साफ न केलेल्या नळीत तेलकट थर साचतो. खालची ज्वाळा तिथे पोचली तर आग नळीतून थेट वरच्या मजल्यापर्यंत जाऊ शकते.

गॅस खाली साचतो, वर नाही

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत पसरतो, खोलगट जागेत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. १६ ऑक्टोबर २०१५ ला कुर्ल्यातल्या एका हॉटेलात सिलिंडरच्या स्फोटानंतर लागलेल्या आगीत ८ जणांचा जीव गेला. त्यात बहुतेक जण जेवायला आलेले विद्यार्थी होते. म्हणजे किचनमधली चूक किचनपुरती राहत नाही.

वास आला तर कुठलंही बटण दाबू नका. चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, एक्झॉस्टचंसुद्धा नाही, कारण बटणातली बारीक ठिणगीही पुरते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावर १९०६ या एलपीजी हेल्पलाइनवर फोन करा.

बोथट सुरी जास्त कापते

ऐकायला उलटं वाटतं, पण खरं आहे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोरात ती टोमॅटोवरून घसरून बोटावर येते. धारदार सुरी जिथे ठेवाल तिथेच जाते. आणखी दोन नियम: हातातून सुटलेली सुरी झेलायला जायचं नाही, पाय मागे घ्यायचे. आणि साबणाच्या पाण्यात सुरी टाकून ठेवायची नाही, कारण भांडी घासणाऱ्याला ती दिसत नाही.

यंत्रांचंही तसंच. ग्राइंडर, कणीक मळायचं मशीन, खवणी यांच्याजवळ सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, हातातलं कडं काहीच नको. अडकलेलं पीठ काढायचं तर आधी प्लग काढायचा, मगच हात घालायचा.

न दिसणारा धोका: धूर आणि उकाडा

कोळशाच्या तंदूरमधून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वासही नाही. कोंदट जागेत आधी डोकं दुखतं, मग चक्कर येते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. तळणाच्या धुराचाही प्रश्न आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने खूप तापलेल्या तेलात तळताना निघणाऱ्या धुराला ‘कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात टाकलं आहे. २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने हॉटेलांना कोळशाचे तंदूर सोडून गॅस किंवा विजेवर यायला सांगितलं, ते शहराची हवा सुधारावी म्हणून. पण तो धूर सगळ्यात आधी ज्याच्या छातीत जातो, तो तंदूरसमोर उभा असलेला माणूस असतो.

उन्हाळ्यात भट्टीजवळ उभं राहणाऱ्याला दर थोड्या वेळाने पाणी आणि आलटून पालटून विश्रांती हवीच. चक्कर, मळमळ, बडबड सुरू झाली तर ‘उकाड्याने होतं’ म्हणून सोडून देऊ नये. ती उष्माघाताची लक्षणं असू शकतात.

भाजलं तर पहिली २० मिनिटं

• भाजलेला भाग नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा.
• सूज यायच्या आत अंगठी, कडं, घड्याळ काढा.
• बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यातलं काहीही लावू नका. फोड फोडू नका.
• कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका.
• स्वच्छ कापडाने सैल झाका. जखम मोठी असेल, किंवा चेहरा, हात, सांधे भाजले असतील तर थेट दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८.

गाडीच्या रांगेत गिऱ्हाईकं उभी असताना नळाखाली २० मिनिटं हात धरायची परवानगी मागायला पोरं घाबरतात. त्यामुळे ही परवानगी मालकानेच आधी देऊन ठेवायला हवी.

मग अडतं कुठे?

एवढं सगळं माहीत असताना अपघात का होतात? कारण हे सांगणारंच कुणी नसतं. गावाहून आलेला मुलगा सकाळी कामाला लागतो आणि दुपारच्या गर्दीत त्याला थेट भट्टीसमोर उभं केलं जातं. शिकवणं म्हणजे ‘बघून शीक’. त्यात बारा-चौदा तासांची ड्युटी. थकलेल्या माणसाचं लक्ष उडतंच.

अनेक जण तर कामाच्या जागीच झोपतात. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या गाळ्याला आग लागली आणि १२ कामगारांचा मृत्यू झाला. ते तिथेच झोपले होते.

कामावर असताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ पासून कायद्यात आहे. ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या हॉटेलांना ईएसआय लागू होतो. त्यात महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना उपचार आणि आजारपणातली रक्कम मिळते. पण ज्याचं नाव हजेरीपत्रकातच नाही, त्याला हे मागणं फार अवघड जातं. म्हणून तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कुणी या कामात असेल, तर पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी विचारा: माझं नाव नोंदवलंय का? आणि माझा ईएसआय नंबर काय?

आणि आपण गिऱ्हाईक म्हणून काय करू शकतो? ऑर्डरला दहा मिनिटं उशीर झाला तर काउंटरवर आरडाओरडा करू नका. ती घाई आत भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचते. तुमच्या ओळखीचं कुणी हॉटेलात, वडापावच्या गाडीवर किंवा केटरिंगमध्ये काम करत असेल, तर भाजल्यानंतरच्या २० मिनिटांची माहिती तरी त्यांना नक्की पाठवा.