नीतीचा तास

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना मी वर्षातून काही तास शिकवायला जातो. माझ्या वाट्याला येणारा विषय म्हणजे ‘माध्यमं आणि व्यावसायिक नीती’. वेळापत्रकात तो बहुधा शनिवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर असतो. पहिल्या तासाला मी एकच प्रश्न विचारतो : टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात का गेले? उत्तर लगेच येतं, ‘इंग्रज सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून.’ एखाददुसरा ‘कोल्हापूर प्रकरण’ म्हणतो. १०१ दिवसांचा आकडा तर बहुतेकांना पाठ असतो. ज्या पत्रांमुळे ते तुरुंगात गेले, त्या पत्रांबद्दल मात्र कुणीच बोलत नाही.

‘मराठा’ आणि ‘केसरी’ जानेवारी १८८१मध्ये सुरू झाले. पहिलं वर्ष संपता संपता कोल्हापूरचा विषय पुढे आला. तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडं ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्याला दिवाण माधवराव बर्वे जबाबदार आहेत, असा आरोप या दोन्ही पत्रांनी केला. त्याला आधार होता तो बर्व्यांची म्हणून हाती आलेल्या काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रं बनावट ठरली. दोघा संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. २६ ऑक्टोबरला ते सुटले. पुढच्या वर्षी, डिसेंबर १८८३मध्ये, ते तरुण छत्रपती अहमदनगरला वारले. देखरेखीसाठी नेमलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. म्हणजे संपादकांची काळजी अनाठायी नव्हती. पुरावा मात्र खोटा होता.

काळजी खरी आणि पुरावा खोटा, अशा वेळी संपादकानं काय करायचं? नीतीच्या तासाला याहून चांगला प्रश्न मिळणार नाही. पण आपण तो चरित्रग्रंथांत ठेवून दिला आणि चरित्रात तुरुंगवास मोठा होतो, पत्रं बारीक होत जातात. अशा गोष्टी गौरवगाथेतून काढून वर्गातल्या फळ्यावर मांडण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यांपैकी एका प्राध्यापकाविषयी हा लेख आहे. नाव क्लिफर्ड ख्रिश्चन्स. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात त्यांनी साडेतीन दशकं शिकवलं.

हरवलेली चाळीस वर्षं

ख्रिश्चन्स यांनी या विषयाला हात घातला, तेव्हा तो विषय म्हणून जवळपास अस्तित्वातच नव्हता. एके काळी होता. अमेरिकेत पत्रकारितेची पहिली स्वतंत्र शाळा १९०८मध्ये मिझुरी विद्यापीठात निघाली. १९२३मध्ये तिथल्या संपादकांच्या संघटनेनं आचारसंहिता केली. १९२४मध्ये नेल्सन क्रॉफर्ड यांचं ‘द एथिक्स ऑफ जर्नलिझम’ आलं, १९२५मध्ये लिऑन फ्लिंट यांचं ‘द कॉन्शन्स ऑफ द न्यूजपेपर’, १९३२मध्ये आल्बर्ट हेनिंग यांचं आणखी एक. त्यानंतर पुस्तकांच्या नावांतून ‘नीती’ हा शब्दच गेला, तो थेट १९७५च्या सुमारास परतला.

१९७७मध्ये ख्रिश्चन्स यांनी या विषयातल्या पन्नास वर्षांच्या अभ्यासाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना हीच पोकळी दिसली. त्यांनी तिचं कारण शोधलं ते तटस्थतेच्या कल्पनेत. विज्ञानाचा दबदबा वाढला तसं पत्रकारितेलाही विज्ञानासारखं व्हावंसं वाटू लागलं. तथ्य एका बाजूला, मूल्य दुसऱ्या बाजूला. बातमीदारानं तथ्य आणायचं. दोन्ही बाजू मोजून मापून द्यायच्या. बाकीचं वाचक बघेल. हे एकदा मान्य केलं की नीतीचा वेगळा तास कशाला हवा? चोख काम हीच नीती.

या चाळीस वर्षांत एक मोठा प्रयत्न झाला, तो विद्यापीठाच्या वर्गाबाहेरून. ‘टाइम’चे मालक हेन्री ल्यूस यांनी दोन लाख डॉलर दिले आणि रॉबर्ट हचिन्स यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग बसला. त्यात तत्त्वज्ञ होते, धर्मशास्त्रज्ञ होते, कायदेपंडित होते, कवी होता. फक्त पेशानं पत्रकार असा कुणी नव्हता. १९४७च्या अहवालात आयोगानं म्हटलं, की वृत्तपत्रांना स्वातंत्र्य हवं असेल तर समाजाप्रती उत्तरदायित्वही घ्यावं लागेल. वृत्तपत्रांनी त्यावर सडकून टीका केली. दहाएक वर्षांनी हाच विचार ‘फोर थिअरीज ऑफ द प्रेस’ या पुस्तकातून जगभरच्या वर्गांत पोचला. ते पुस्तक इलिनॉय विद्यापीठाच्याच मंडळींनी लिहिलं होतं.

आपल्याकडे पत्रकारितेचं शिक्षण रुजत होतं ते याच मधल्या काळात. लाहोरला पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी १९४१मध्ये अभ्यासक्रम सुरू केला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२मध्ये विभाग निघाला. त्याच्या उभारणीसाठी सिरॅक्यूज विद्यापीठाचे रोलंड वूल्झली फुलब्राइट योजनेतून आले होते. म्हणजे खुद्द अमेरिकेत नीतीवर पुस्तकं निघत नव्हती, तेव्हा तिथले मास्तर आपल्याला वर्तमानपत्र शिकवत होते.

चार चौकटी

ख्रिश्चन्स यांचं शिक्षण धर्मशास्त्रात आणि भाषेच्या समाजशास्त्रात झालं होतं. पीएच.डी.चा प्रबंध होता तंत्रज्ञानाचे फ्रेंच टीकाकार जाक एल्यूल यांच्यावर. यंत्राची कार्यक्षमता हाच एकदा निकष झाला, की माणसाचे बाकीचे निकष मागे पडतात, हे एल्यूल यांचं सूत्र. त्याचा विद्यार्थी १९७४मध्ये पत्रकारिता शिकवायला लागला. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिला, ते हेच वर्ष. बातमीदार नायक झाले होते आणि पत्रकारितेच्या वर्गांत मुलांची रीघ लागली होती.

सहा वर्षांनी त्या नायकत्वाला तडा गेला, तोही वॉटरगेट बाहेर काढणाऱ्या वृत्तपत्रातच. २८ सप्टेंबर १९८०च्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये जॅनेट कुक यांनी हेरॉइनच्या विळख्यातल्या आठ वर्षांच्या जिमीची कहाणी लिहिली. शहर हादरलं, मुलाचा शोध सुरू झाला. तो सापडला नाही. एप्रिल १९८१मध्ये त्या लेखाला पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि दोनच दिवसांत परत करावं लागलं, कारण जिमी नावाचा मुलगाच नव्हता. व्यसन खरं, वस्तीतली दैना खरी, मूल खोटं. कोल्हापूरच्या पत्रांची आठवण व्हावी असंच हे आहे. फरक इतकाच, की कुक यांनी खोटं स्वतः रचलं होतं आणि आपल्या संपादकांनी दुसऱ्यांनी रचलेलं खोटं खरं मानलं होतं.

१९८३मध्ये ख्रिश्चन्स यांनी किम रॉट्झॉल आणि मार्क फॅक्लर यांच्यासोबत ‘मीडिया एथिक्स’ हे पाठ्यपुस्तक काढलं. आजवर त्याच्या दहाहून अधिक आवृत्त्या निघाल्या आहेत. या पुस्तकात उपदेश नाही, प्रकरणं आहेत. प्रत्येक प्रकरणाचा विचार चार पायऱ्यांनी करायचा. ही रीत हार्वर्डच्या धर्मशास्त्र विभागातल्या रॉल्फ पॉटर यांची. अण्वस्त्रांविषयीच्या वादात लोक नेमके कुठे वेगळे होतात, हे शोधताना त्यांनी ती घडवली होती. फळ्यावर एक चौकोन काढून त्याचे चार भाग करायचे. पहिल्यात, घडलं काय. दुसऱ्यात, आपण कोणती मूल्यं मानतो. तिसऱ्यात, कोणतं तत्त्व लावायचं – अॅरिस्टॉटलचा मध्यममार्ग, कान्टचं कर्तव्य, मिलचं अधिकांचं सुख की आणखी काही. चौथ्यात, आपली निष्ठा कुणाशी.

ख्रिश्चन्स यांचा भर या चौथ्या चौकटीवर. माणसं तत्त्वांवर भांडताना दिसतात, पण बहुतेक वेळा प्रश्न निष्ठेचा असतो. वाचकाशी, मालकाशी, सहकाऱ्यांशी, की ज्याच्याबद्दल आपण लिहितोय त्या माणसाशी? कोल्हापूर प्रकरण या चौकोनात घातलं, की आजवर न दिसलेला एक माणूस दिसायला लागतो : माधवराव बर्वे. चरित्रांत ते खलनायक असतात. चौथ्या चौकटीत ते ‘ज्यांच्याविषयी लिहिलं गेलं ते गृहस्थ’ असतात आणि त्यांचंही काही देणं निघतं. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तेव्हा ते देणं त्यांनी मान्यच केलं होतं. चौकोन काढून झाल्यावर ते दोघे मला कमी मोठे वाटत नाहीत. उलट चूक कबूल करून, तिची शिक्षा भोगून पुन्हा लिहायला बसलेले पंचविशीतले दोन तरुण म्हणून ते अधिक जवळचे वाटतात.

चौकोनाबाहेरचं

पण या पद्धतीत एक खोट आहे. चौकोन एकट्या पत्रकाराच्या हातात दिला जातो. निर्णय अनेकदा त्याच्या हातात नसतो. ख्रिश्चन्स यांनाही हे टोचत असावं. १९९३च्या ‘गुड न्यूज’ या पुस्तकात त्यांनी आणि सहलेखकांनी एकट्या व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर उभी असलेली नीतीची इमारतच नाकारली. माणूस समाजात घडतो, म्हणून वृत्तपत्राचं कामही समाजाच्या नात्यांतून ठरलं पाहिजे, असा त्यांचा दावा होता. १९९७मध्ये मायकेल ट्रेबर यांच्यासोबत त्यांनी निरनिराळ्या संस्कृतींतल्या समान मूल्यांचा शोध घेणारा ग्रंथ संपादित केला. हे ट्रेबर स्विस धर्मगुरू; ऱ्होडेशियात छापखाना चालवताना गोऱ्या सरकारनं त्यांना १९७०मध्ये हद्दपार केलं, पुढे बंगळुरात शिकवायला आले. जीवनाचं पावित्र्य, आणि त्यातून निघणारी सत्य, प्रतिष्ठा, अहिंसा ही मूल्यं, इथवर हा शोध पोचला. सगळ्या जगाला बसेल असा अंगरखा शिवता येतो का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझीही शंका आहे.

कारण निष्ठा कुणाशी, हे वरूनच ठरलं की काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. ऑक्टोबर २००९च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत मुख्यमंत्र्यांची तीच स्तुती शब्दन् शब्द छापून आली होती, हे पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं. ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी गेला. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीनं २०१०मध्ये नावानिशी अहवाल लिहिला. कौन्सिलनं तो पूर्ण प्रसिद्ध न करता संक्षेप काढला. पूर्ण अहवाल लोकांसमोर आला २०११मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. न्या. राजाध्यक्ष आयोगाच्या १९५४च्या शिफारशीतून आलेली आणि न्या. मुधोळकरांच्या अध्यक्षतेखाली १९६६मध्ये सुरू झालेली ही संस्था. ताकीद द्यावी, समज द्यावी, ठपका ठेवावा, याच्या पलीकडे कायद्यानं तिच्या हातात फारसं काही दिलेलं नाही. हा मजकूर ज्यांच्या हातून पानावर लागला, त्यांतले कितीतरी जण पत्रकारिता शिकलेले असणार. त्यांचा चौकोन कच्चा होता असं मला वाटत नाही. चौथ्या चौकटीत लिहायचं नाव त्यांना आधीच सांगितलं गेलं होतं.

मग हा तास घ्यायचा कशाला, असा प्रश्न मला दर शनिवारी पडतो. ख्रिश्चन्स यांच्या कारकिर्दीकडे पाहून एवढं म्हणता येतं, की त्यांनी पत्रकारांना चांगलं करण्याचा वायदा केला नव्हता. ‘मला चुकीचं वाटतंय’ एवढ्यावर न थांबता, का आणि कुणाच्या वतीनं, हे सांगायची भाषा त्यांनी दिली. वरिष्ठाच्या टेबलासमोर उभं असताना ती भाषा जवळ असणं आणि नसणं यात फरक पडतो.

गेल्या वेळी शेवटच्या तासाला मी मुलांकडून कोल्हापूर प्रकरणावर अर्धं पान लिहून घेतलं. तुमच्या हाती ती पत्रं आली असती तर? एका मुलीनं लिहिलं होतं, ‘मी लगेच छापली नसती. आधी कोल्हापूरला जाऊन बर्व्यांचं दुसरं एखादं पत्र मिळवून अक्षर ताडून पाहिलं असतं.’ मी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. मागच्या बाकावरच्या, एका दैनिकात उमेदवारी करत असलेल्या मुलानं विचारलं, ‘सर, पण गाडीभाडं कोण देणार?’

वर्ग हसला. मी फळ्यावर चार चौकटी काढलेल्याच होत्या. गाडीभाडं कोणत्या चौकटीत लिहायचं, यावर तास संपेपर्यंत वाद चालला.