पार्कर, जॉन

(१३ जुलै १७२९ – १७ सप्टेंबर १७७५). ब्रिटिश वसाहतकालीन मॅसॅचूसेट्समधील लेक्झिंग्टन गावच्या नागरी सेनेचा कप्तान. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक १९ एप्रिल १७७५ रोजी झडली, तेव्हा गावकऱ्यांच्या तुकडीचा तो प्रमुख होता. धर्मोपदेशक व गुलामगिरीचा कडवा विरोधक थीओडोर पार्कर हा त्याचा नातू.

घराणे : मूळ पुरुष टॉमस पार्कर १६३५ मध्ये इंग्लंडहून मॅसॅचूसेट्सला आला आणि रेडिंग येथे स्थायिक झाला. पुढे घराण्याची एक शाखा लेक्झिंग्टनला आली. जोसाया पार्कर व ॲना स्टोन हे जॉनचे आईवडील. शेती आणि लाकूडकाम हा त्याचा चरितार्थ होता. १७५५ मध्ये लिडिया मूर हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना सात अपत्ये झाली. फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात लुइसबर्ग व क्वेबेक येथील मोहिमांत तो होता, असे परंपरेने सांगितले जाते.

तुकडी : वसाहतीच्या कायद्याने धडधाकट पुरुषांना नागरी सेनेत दाखल व्हावे लागे आणि तुकडीतील लोक आपला कप्तान निवडून देत. त्यामुळे हे पद पगारी फौजेतील हुद्द्यापेक्षा गावाच्या विश्वासावर अधिक अवलंबून असे. लेक्झिंग्टनच्या तुकडीत पार्करचे अनेक सगेसोयरे होते. तिची नामावली वंशावळीच्या अभ्यासकालाही उपयोगी पडते.

चकमक : काँकर्ड येथील शस्त्रसाठा नष्ट करण्यासाठी ब्रिटिश फौज बॉस्टनहून निघाल्याची खबर १८ एप्रिलच्या मध्यरात्री आली. पहाटे सुमारे ७७ माणसे गावच्या मैदानावर उभी राहिली. समोर मेजर जॉन पिटकर्नच्या हाताखालची आघाडीची पथके आली. पहिली गोळी कोणी झाडली, हा वाद आजही मिटलेला नाही. गावकऱ्यांपैकी आठजण ठार झाले. त्यांत कप्तानाचा चुलतभाऊ जोनस पार्कर होता. जखमींमध्ये प्रिन्स एस्टाब्रुक हा गुलाम कृष्णवर्णीय होता. त्याच दुपारी ब्रिटिश फौज काँकर्डहून परतत असताना लेक्झिंग्टन व लिंकन यांच्या सीमेजवळ पार्करने उरलेल्या माणसांनिशी तिच्यावर हल्ला केला. ही चढाई ‘पार्करचा सूड’ या नावाने ओळखली जाते.

साधने : पार्करची २५ एप्रिल १७७५ रोजीची शपथेवरील जबानी उपलब्ध आहे. फौज जवळ येताच आपण तुकडीला पांगण्याचा व गोळी न झाडण्याचा हुकूम दिला, तरीही सैनिकांनी चिथावणीवाचून गोळीबार केला, असे तो सांगतो. दोष ब्रिटिशांचा होता हे लंडनला पटवून देण्यासाठी वसाहतीच्या प्रांतिक काँग्रेसने अशा जबान्या जमवल्या होत्या. त्यामुळे पार्करची जबानीही तिचा हेतू लक्षात घेऊनच वाचावी लागते. घराण्याच्या आठवणींत जपलेली कप्तानाची प्रतिमा याहून वेगळी आहे. त्यांना युद्धच हवे असेल, तर ते इथेच सुरू होऊ द्या, अशा आशयाचे त्याचे प्रसिद्ध उद्गार जबानीत नाहीत. १८५८ मध्ये थीओडोरने इतिहासकार जॉर्ज बँक्रॉफ्टला लिहिलेल्या पत्रात ते घराण्याची आठवण म्हणून येतात. १८२२ च्या सुमारास चकमकीचा देखावा उभा केला गेला, तेव्हा तुकडीतल्या जुन्या सार्जंटनेही ते उच्चारले होते, अशी पुष्टी थीओडोरने जोडली आहे. चकमकीपासून इतक्या वर्षांनी नोंदले गेलेले हे शब्द जसेच्या तसे खरे मानता येत नाहीत. पण पांगण्याचा हुकूम आणि दुपारचा हल्ला या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच दिवशी केल्या, हे ध्यानात घेतले तर ते निव्वळ कल्पित म्हणूनही टाकून देता येत नाहीत.

वारसा : क्षयाने खंगलेला पार्कर बंकर हिलच्या लढाईत भाग घेऊ शकला नाही आणि सप्टेंबरमध्ये मरण पावला. थीओडोरलाही १८६० मध्ये फ्लॉरेन्स येथे क्षयानेच मृत्यू आला. आजोबांची बंदूक आणि त्यांनी त्या दिवशी हस्तगत केलेली ब्रिटिश बंदूक त्याने अभ्यासिकेत टांगली होती. १८५० मध्ये, पळून आलेल्या गुलामांना परत धरून देण्याच्या कायद्याला विरोध करताना, राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना लिहिलेल्या पत्रात त्याने या बंदुकांचा दाखला दिला. त्याच्या मृत्युपत्राने दोन्ही बंदुका राज्याला मिळाल्या. त्या बॉस्टनच्या विधानभवनात सिनेटच्या सभागृहात आहेत.

१८९३ मध्ये घराण्याचा कुलवृत्तान्त वुस्टर येथे प्रसिद्ध झाला. पार्करचे समकालीन चित्र ज्ञात नाही. त्यामुळे लेक्झिंग्टनच्या मैदानावरील हेन्री हडसन किटसनचा १९०० मधील पुतळा लोक त्याचा मानत असले, तरी चेहऱ्याचा पुरावा म्हणून तो निरुपयोगी आहे. दुपारच्या हल्ल्याच्या जागी मात्र २०१० नंतरच्या दशकात पुरातत्त्वीय शोध घेण्यात आला. तेथे सापडलेल्या बंदुकीच्या गोळ्यांवरून दोन्ही बाजूंच्या जागांचा अंदाज बांधता आला आणि ज्या प्रसंगाची लेखी साक्ष तुटपुंजी होती, त्याला स्वतंत्र आधार मिळाला.