घामाचे श्रेयांक

आमच्या शिक्षकांच्या बैठकीत हल्ली श्रेयांकांचा विषय निघतो. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात 30 तासांच्या शिक्षणाला 1 श्रेयांक मिळतो आणि त्यात हातांनी केलेलं कामही धरलं जातं. हे ऐकलं की मला आजोबांचा उजवा तळहात आठवतो. बोटांच्या मुळाशी कुदळीच्या दांड्याने पडलेले चार घट्टे. म्हातारपणीही ते गेले नाहीत.

आजोबा साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ते 1940 साली काढलं. गरिबाच्या पोराने फीऐवजी श्रम द्यायचे, ‘कमवा आणि शिका’. आजोबा पहाटे माती ओढत आणि हातपाय धुऊन गणिताच्या तासाला बसत. ही दयेची मदत नव्हती, म्हणूनच मला ती मोठी वाटते. पोरगा ताठ मानेने जेवायचा.

याची मुळं जुनी. भाऊरावांची रयत शिक्षण संस्था 1919 साली कराडजवळ काले गावात निघाली. त्यांचं साताऱ्यातलं बोर्डिंग 1924चं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत. त्या काळात ही सोपी गोष्ट नव्हती. 1927 साली गांधीजी येऊन ते पाहून गेले.

बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या 1930 साली गेल्या.

“त्या माउलीला आम्ही पाहिलं नाही,” आजोबा भाकरी मोडताना म्हणायचे, “पण जेवलो तिच्याच घरी.”